गुरू कागदात मावत नाही तेव्हा: एका स्तंभालेखाचं प्रकरण

सातवीतली माझी भाची एका संध्याकाळी आलेख कागद घेऊन आली आणि म्हणाली, "मावशी, गुरू मावत नाहीये."

विज्ञानाच्या प्रकल्पासाठी तिला सूर्यमालेतल्या आठ ग्रहांच्या व्यासांचा स्तंभालेख काढायचा होता. सारणी तयार होती, आलेख कागद होता, टोक काढलेली पेन्सिल होती. स्तंभालेखाचे नियम तर तिला तोंडपाठ होते: आडव्या अक्षावर नावं, उभ्या अक्षावर संख्या, स्तंभांची रुंदी समान, स्तंभांमधलं अंतर समान. तरीही दोन तास खपून काढलेला आलेख फसला होता आणि नेमकं कुठे फसलं हे तिला सांगता येत नव्हतं.

मी बरीच वर्षं गणित शिकवते. स्तंभालेख हा सगळ्यांना सोपा धडा वाटतो, हमखास गुण देणारा. त्यात डोकं चालवण्यासारखं काही असेल असं कुणाच्या मनातही येत नाही. मला मात्र वाटतं की सारणीवरून आलेख काढताना एका जागी खरा निर्णय घ्यावा लागतो आणि ती जागा आपण मुलांना एका ओळीत उरकायला शिकवतो: 'प्रमाण: १ सेमी = अमुक'. त्या संध्याकाळी सगळा घोळ त्याच ओळीत झाला होता. म्हणून हे प्रकरण पहिल्या कागदापासून मांडते आहे.

सारणी

तिच्या वहीतल्या सारणीत चार रकाने होते: ग्रहाचं नाव, सूर्यापासूनचं अंतर, विषुववृत्तावरचा व्यास आणि उपग्रहांची संख्या. आपल्या कामाचे रकाने एवढेच:

| ग्रह | विषुववृत्तीय व्यास (किमी) |
|---|---|
| बुध | ४,८७९ |
| शुक्र | १२,१०४ |
| पृथ्वी | १२,७५६ |
| मंगळ | ६,७९२ |
| गुरू | १,४२,९८४ |
| शनी | १,२०,५३६ |
| युरेनस | ५१,११८ |
| नेपच्यून | ४९,५२८ |

सारणी हातात आली की मी मुलांना पेन्सिल खाली ठेवायला सांगते. आधी नुसती वाचायची. एकक काय आहे? सगळ्या ओळींना तेच आहे का? सर्वांत मोठी संख्या कोणती, सर्वांत लहान कोणती? शेवटी कुठे 'एकूण' अशी ओळ लपलेली नाही ना? ती असली आणि तिचाही स्तंभ काढला, तर तो एकटाच सगळ्यांवर मात करतो आणि बाकीचे त्याच्या पायाशी बुटके दिसतात. या सारणीत तशी ओळ नव्हती. पण सर्वांत मोठी आणि सर्वांत लहान संख्या भाचीने शोधली नव्हती. तिने सारणी वरून खाली वाचली आणि वरूनच काम सुरू केलं.

पहिला कागद

आलेख कागदावरची छापील चौकट १८ सेमी रुंद आणि २४ सेमी उंच होती. ग्रहांची नावं लिहायला खाली ३ सेमी सोडून तिने आडवा अक्ष आखला होता. वर २१ सेमी उरले. उजव्या कोपऱ्यात सुबक अक्षरात लिहिलं होतं: प्रमाण: य-अक्षावर १ सेमी = १,००० किमी.

पहिले चार स्तंभ खरोखर शाबासकी देण्यासारखे होते. बुध ४.९ सेमी, शुक्र १२.१, पृथ्वी १२.८, मंगळ ६.८. मिलिमीटरचे बारीक चौकोन मोजून काढलेले, कडा सरळ, छायांकन रेषेबाहेर न गेलेलं. मग गुरूची पाळी आली. १,४२,९८४ किमी म्हणजे १४३ सेमी, जवळजवळ दीड मीटर.

"मग काय केलंस?"

"तोडला."

तिने गुरूचा स्तंभ २० सेमीपर्यंत नेला, मध्ये नागमोडी रेघ मारून तो 'तुटलेला' दाखवला आणि डोक्यावर खरा आकडा लिहिला. शनीचंही तेच. युरेनसला ५१ सेमी लागत होते, नेपच्यूनला जवळजवळ ५०. तेही २० सेमीवर तोडले. कागदावर चार राक्षस एकाच उंचीचे उभे राहिले. वर हे चौघं 'मोठे ग्रह' म्हणून तिने त्यांचे स्तंभही दुप्पट रुंद काढले होते, दोन-दोन सेंटीमीटरचे.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. काहीतरी बिनसलंय हे तिचं तिलाच कळलं होतं. ती म्हणाली, "नेपच्यून आणि गुरू सारखेच दिसतायत. पण ते सारखे नाहीत." आपणच काढलेल्या आलेखाकडे असं परक्या नजरेने बघणं मोठ्यांनाही सहसा जमत नाही, म्हणून मी आधी त्याचंच कौतुक केलं.

मग पट्टी घेऊन दोघी बसलो. कागदावर पृथ्वी १२.८ सेमी आणि गुरू २० सेमी. म्हणजे बघणाऱ्याला गुरू पृथ्वीच्या दीडपट वाटणार. सारणीत भागून बघितलं तर गुरूचा व्यास पृथ्वीच्या ११.२ पट आहे, शनीचा साडेनऊ पट, युरेनसचा चौपट. "पण मी वर आकडा लिहिलाय ना," असं ती म्हणाली, आणि तो बरोबर लिहिलाही होता. अडचण अशी की स्तंभालेख बघताना डोळा आधी उंची वाचतो, आकडा नंतर. उंची एक सांगते आणि आकडा दुसरं सांगतो, तेव्हा मनात उंचीच राहते. आकडेच वाचायचे असते तर सारणी पुरेशी होती.

मी विचारलं, "हे हजाराचं प्रमाण कसं ठरवलंस?"

"बुधाचे ४,८७९ होते ना. म्हणून हजार."

प्रकरणाची गाठ इथे होती. सारणीच्या पहिल्या ओळीत जी संख्या आली तिच्यावरून प्रमाण ठरलं. बुधाऐवजी गुरू पहिल्या ओळीत असता तर हा कागद असा झालाच नसता. पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणांत बहुधा सगळ्या संख्या एकमेकींच्या आसपासच्या असतात आणि त्यामुळे कुठल्याही ओळीवरून प्रमाण ठरवलं तरी निभावून जातं. मुलांना वाटतं, रीत बरोबर आहे. बुध आणि गुरू यांच्यासारखी २९ पटींची तफावत समोर आली की रीत उघडी पडते.

तुटलेल्या स्तंभाबद्दल थोडं

नागमोडी खूण तिने आपल्या मनाने शोधून काढलेली नव्हती. अक्षसंकोच म्हणून ती वरच्या इयत्तांत शिकवली जाते आणि तिची जागा आहेही. मुलांच्या उंचीचे वर्ग, म्हणजे गट, १३५ सेमीपासून सुरू होत असतील, तर आडव्या अक्षावर शून्य ते १३५ ही रिकामी जागा कशाला ठेवायची? तिथे ती खूण चोख काम करते. कारण त्या अक्षावर लांबी वाचायची नसते, फक्त ठिकाण वाचायचं असतं.

स्तंभाच्या उंचीच्या अक्षावर मात्र ती चालत नाही. स्तंभ शून्यापासून निघतो म्हणूनच दुप्पट उंचीचा अर्थ दुप्पट संख्या होतो. मधला तुकडा कापला किंवा खालचा तुकडा गाळला की तो अर्थ गेला. खालून गाळण्याचं एक उदाहरण मी तिला लगेच काढून दाखवलं. एव्हरेस्टची उंची ८,८४९ मीटर, केटूची ८,६११ मीटर. अक्ष ८,००० पासून सुरू केला तर स्तंभ उरतात ८४९ आणि ६११ चे, आणि एव्हरेस्ट केटूच्या जवळजवळ १.४ पट दिसतं. खरा फरक तीन टक्क्यांहूनही कमी आहे. तो बारीक फरकच दाखवायचा असेल तर स्तंभ सोडून द्यावा आणि नुसते ठिपके मांडावेत. ठिपक्याला लांबी नसते, म्हणून त्याचा अक्ष कुठूनही सुरू झाला तरी चालतो. बातम्यांमध्ये दिसणारे कितीतरी स्तंभालेख याच ठिकाणी वाकडे असतात. मला त्याचा राग येतो, कारण ज्याला आकडे तपासायला वेळ नाही तोच त्यात फसतो.

लघुगणकी प्रमाण, म्हणजे अक्षावरच्या प्रत्येक समान टप्प्याला संख्या दहापट होत जाते असं प्रमाण, का नाही, असं एखादा जाणकार विचारेल. संख्यांत प्रचंड तफावत असते तेव्हा ते उपयोगी पडतं, हे खरं. पण त्या प्रमाणात शून्याला जागाच नसते, मग स्तंभ उभा कुठून करायचा? शिवाय सातवीत नाहीच.

प्रमाण

दुसरा कागद घेतला. या वेळी आधी फक्त दोन संख्यांना गोल केला: १,४२,९८४ आणि ४,८७९.

उभी जागा २१ सेमी. वर शीर्षकासाठी २ सेमी सोडले, उरले १९. सर्वांत मोठी संख्या तेवढ्यात बसायला हवी, म्हणून १,४२,९८४ भागिले १९. उत्तर आलं सुमारे ७,५२५. म्हणजे एका सेंटीमीटरला निदान ७,५२५ किमी धरावेच लागतील, त्याहून कमी चालणार नाहीत.

ती म्हणाली, "मग ७,६०० घेऊ. कागद पुरेपूर भरेल."

हा मोह सगळ्यांना होतो. मी म्हटलं, घे आणि पृथ्वीची उंची काढ. १२,७५६ भागिले ७,६००. ती थांबली. गणित येत होतं, पण प्रत्येक ग्रहासाठी असा भागाकार करायचा, आणि आलेख बघणाऱ्यानेही मनातल्या मनात उलट तेच करायचं. बरं, एक मिलिमीटर म्हणजे ७६० किमी हे कुणाच्या लक्षात राहणार? मग ८,००० बघितलं. एक मिलिमीटरला ८०० किमी, हेही अवघडच. १०,००० घेतल्यावर तिचा चेहरा खुलला, कारण एक मिलिमीटर म्हणजे बरोबर १,००० किमी झाले आणि भागाकारच संपला. गुरू १४.३ सेमी. वर जवळजवळ पाच सेंटीमीटर रिकामे राहतात; राहू देत. कागद भरण्यापेक्षा वाचता येणं महत्त्वाचं.

माझा स्वतःचा नेम असा आहे: भागाकाराचं जे उत्तर येईल त्याच्या वरची, १, २ किंवा ५ या अंकाने सुरू होऊन पुढे नुसती शून्यं असलेली जवळची संख्या घ्यायची. १०, २०, ५०, १००, २००, ५००, अशी. आलेख कागदाची दहा-दहाची आखणी या संख्यांशी जुळते. ३ किंवा ७ घेतले की प्रत्येक ठिपका देताना अडखळायला होतं.

मग दुसरी तपासणी: सर्वांत लहान स्तंभ दिसेल का? बुध ४.९ मिलिमीटर. दिसेल.

"पण अगदीच बारीक दिसेल तो," ती हिरमुसली. पहिल्या कागदावरचा तिचा बुध जवळजवळ पाच सेंटीमीटरचा, ऐटबाज होता.

"अगं, बारीकच आहे तो. गुरूशेजारी बुध इतकाच दिसतो, हेच तर तुझ्या प्रकल्पात दाखवायचंय."

त्यानंतर तिने आपणहून एक शंका काढली. ४,८७९ चे ४.९ मिलिमीटर, म्हणजे ५ मिलिमीटर काढले तर ते खोटं नाही का? प्रश्न मला फार आवडला. सगळे व्यास आम्ही जवळच्या हजारापर्यंत घेतले: ५, १२, १३, ७, १४३, १२१, ५१, ५०. तसं करताना कुठल्याही ग्रहाच्या बाबतीत ५०० किमीपेक्षा जास्त फरक पडत नाही. या प्रमाणात ५०० किमी म्हणजे अर्धा मिलिमीटर. मी तिला तिच्याच पेन्सिलीने एक रेघ मारायला लावली आणि पट्टीवर धरून बघायला सांगितलं. रेघेची जाडीच अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास भरली. जे आकडे पेन्सिलीच्या टोकाखाली झाकले जाणार ते कागदावर दाखवायचेच कसे? नेमके आकडे सारणीत आहेत, सारणी आलेखाच्या बाजूला लावायची. एक नोंद मात्र प्रामाणिकपणे करायला हवी: शुक्र आणि पृथ्वी यांच्यात खरा फरक ६५२ किमीचा आहे आणि आमच्या कागदावर तो पूर्ण एक मिलिमीटर, म्हणजे हजाराचा दिसतो. जवळजवळ जुळ्या असलेल्या दोन ग्रहांची तुलना हाच मुद्दा असता, तर हे प्रमाण चाललं नसतं.

दुसरा कागद

यापुढचं काम पट्टीचं. डावीकडे आकड्यांसाठी २ सेमी सोडले, उरले १६. आठ स्तंभ प्रत्येकी १ सेमीचे आणि नऊ मोकळ्या जागा प्रत्येकी ८ मिलिमीटरच्या, मिळून १५.२ सेमी. बसलं. उभ्या अक्षावर दर दोन सेंटीमीटरला आकडा लिहायचा ठरलं. लाखाची शून्यं प्रत्येक खुणेपाशी लिहीत बसण्यापेक्षा अक्षाच्या कडेला एकदाच 'व्यास (हजार किमी)' असं लिहिलं आणि खुणांना २०, ४०, ६० असे आकडे दिले.

इथे एक बारीक चूक पकडली. तिने २०, ४०, ६० लिहिले, पण अक्षांच्या छेदापाशी काहीच लिहिलं नव्हतं. "ते तर शून्यच असतं," ती म्हणाली. लिही तरी, म्हटलं. ते लिहिलेलं नसेल तर बघणाऱ्याने शून्य गृहीत धरायचं, आणि गृहीत धरलेल्या जागीच लोक ८,००० पासून सुरू होणारे अक्ष घुसवतात. तिने शून्य काढलं, जरा मोठंच.

रुंदीचा प्रश्न मी सोडला नव्हता. पहिल्या कागदावर मोठ्या ग्रहांचे स्तंभ दुप्पट रुंद होते. समजा गुरूची उंची बरोबर ११.२ पट आहे आणि रुंदीही दुप्पट केली, तर शाईने भरलेला भाग बावीस पटींहून जास्त होतो. उंची एक सांगणार आणि रंगाचा पसारा दुसरं. 'रुंदी समान' हा नियम सुबक दिसण्यासाठी आहे असं मुलांना वाटतं. रुंदी सारखी ठेवली म्हणजे क्षेत्रफळही उंचीच्याच पटीत वाढतं, हे त्यामागचं कारण कुणी सांगत नाही.

तिला स्तंभांऐवजी गोल काढायची हौस होती, ग्रह गोल असतात म्हणून. व्यास ११.२ पट असलेलं वर्तुळ काढलं की त्याचं क्षेत्रफळ सुमारे १२५ पट होतं आणि बघणारा गोंधळतो की तुलना व्यासाची करायची की पसाऱ्याची. विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल या दोन अमेरिकी संशोधकांनी १९८४ साली याच विषयावर प्रयोग प्रसिद्ध केले होते. एकाच अक्षावरची ठिकाणं माणसं बऱ्यापैकी अचूक जोखतात, क्षेत्रफळं जोखताना मात्र बरीच चुकतात, असं त्यांना दिसलं. साध्या स्तंभाची ताकद त्यात आहे: सगळे एकाच रेषेवर उभे असतात आणि फक्त माथे बघायचे असतात.

यावर तिने मला अडवलं. "पण गुरूमध्ये तर तेराशे पृथ्व्या मावतात असं वाचलंय मी. आणि आपला आलेख अकराच पट दाखवतो. मग आलेख चुकीचा?"

दोन्ही खरं आहे. तेराशेच्या घरातला आकडा घनफळाचा आहे. ११.२ चा घन तर चौदाशेवर जातो; गुरू ध्रुवांकडे चपटा असल्यामुळे प्रत्यक्षात तो तेराशेच्या आसपास येतो. आमच्या सारणीत व्यास होता म्हणून आलेखही व्यासाचाच झाला. घनफळाचा स्तंभालेख काढायचा असता, तर याच १४.३ सेमीच्या गुरूशेजारी पृथ्वी साधारण एक दशांश मिलिमीटरची आली असती, पेन्सिलीच्या रेघेहूनही बारीक. "मग शीर्षकात 'ग्रहांचा आकार' असं लिहायला नको," ती म्हणाली, आणि तिने ते खोडून 'ग्रहांचे विषुववृत्तीय व्यास' असं लिहिलं. शीर्षकात एक शब्द बदलला, पण बघणाऱ्याच्या मनातला मोठा घोळ त्यामुळे टळला.

क्रम. उंचीप्रमाणे उतरत्या क्रमाने स्तंभ लावले तर गुरू, शनी, युरेनस, नेपच्यून, पृथ्वी, शुक्र, मंगळ, बुध अशी छान पायऱ्यांची रांग लागते आणि कोण कितवा हे झटकन कळतं. बहुतेक सारण्यांसाठी मी तसंच सुचवते. इथे मात्र सूर्यापासूनचा क्रम तसाच ठेवला. कारण त्या क्रमात एक गोष्ट दिसते जी उतरत्या क्रमात विरते: आधी चार बुटके, मग एकदम उडी, मग चार उंच. आतले खडकाळ ग्रह आणि बाहेरचे महाकाय ग्रह यांच्यातली सीमा आलेखात उघडी दिसते. सारणीत ती होतीच, पण आकड्यांत डोळ्यांत भरत नव्हती.

"माथे रेषेने जोडू का?" नको. मंगळ आणि गुरू यांच्या माथ्यांमध्ये रेघ ओढली तर मधल्या प्रत्येक जागी काहीतरी आहे आणि ते वाढत चाललं आहे असा अर्थ निघतो. ग्रह सुटे आहेत. काळाप्रमाणे बदलणाऱ्या गोष्टीला रेषा शोभते, सुट्या गोष्टींना स्तंभ. गंमत म्हणजे स्तंभालेखाचा जन्मही याच अडचणीतून झाला. विल्यम प्लेफेअर हा स्कॉटलंडचा माणूस देशोदेशीच्या व्यापाराचे वर्षांवर वर्षं चालणारे रेषालेख काढत होता. स्कॉटलंडसाठी त्याच्याकडे १७८१ साली संपणाऱ्या एकाच वर्षाचे आकडे होते, सतरा देशांशी झालेल्या आयात-निर्यातीचे. एका वर्षाची रेषा काढायची कशी? म्हणून १७८६ साली त्याने ते आडव्या पट्ट्यांनी दाखवले. काळ दाखवत नाही म्हणून हा आलेख त्याला स्वतःला कमी उपयोगाचा वाटला होता. त्याने कमी लेखलेला हाच आलेख आज सर्वांत जास्त काढला जातो.

जोडस्तंभाचा हट्ट

व्यास झाल्यावर तिला सूर्यापासूनचं अंतरही त्याच आलेखात हवं होतं, प्रत्येक ग्रहाला दोन-दोन स्तंभ. एकक दोन्हींचं किमीच आहे, मग अडचण काय? अडचण आकड्यांची. पृथ्वी सूर्यापासून सुमारे १५ कोटी किमी, नेपच्यून सुमारे ४५० कोटी किमी. ही अंतरं कागदात बसवायची तर व्यासांचे आठही स्तंभ आडव्या अक्षात विरघळून जातात. दोन वेगळे आलेख काढणं हाच मार्ग. जोडस्तंभ तेव्हाच शोभतात जेव्हा जोडीतले दोघं एकमेकांशी ताडून बघण्यासारखे असतात. उदाहरणार्थ, विषुववृत्तावरचा व्यास आणि ध्रुवांमधून जाणारा व्यास. गुरूचा ध्रुवीय व्यास १,३३,७०८ किमी आहे, शनीचा १,०८,७२८. आमच्या प्रमाणात गुरूच्या जोडीत ९ मिलिमीटरचा आणि शनीच्या जोडीत १२ मिलिमीटरचा फरक पडेल, आणि शनी जास्त चपटा आहे हे नुसत्या नजरेला कळेल. पृथ्वीच्या जोडीत मात्र काहीच दिसणार नाही. तिथे फरक सुमारे ४३ किमीचा आहे. हा आलेख तिने पुढच्या आठवड्यासाठी राखून ठेवला.

संगणकावर

शाळेत कागदावरचा आलेख द्यायचा होता, पण तिला तोच स्प्रेडशीटमध्येही करून बघायचा होता. पाच मिनिटांचं काम म्हणून बसलो आणि पहिल्याच फटक्यात चार्टमध्ये पृथ्वीचा स्तंभ गायब. सारणी भरताना तिने एका चौकटीत आकड्यामागे 'किमी' असंही लिहिलं होतं. त्यामुळे ती चौकट प्रोग्रॅमच्या लेखी संख्या राहिली नाही, मजकूर झाली, आणि मजकुराची उंची शून्य. एकक नेहमी रकान्याच्या शीर्षकात लिहावं, चौकटीत फक्त संख्या. दुसरी नेहमीची फजिती अनुक्रमांकाची: १, २, ३ असा रकाना सोबत निवडला गेला की त्याचेही स्तंभ उभे राहतात. तिसरी सावधगिरी म्हणजे संख्या एकमेकींच्या अगदी जवळच्या असतील तर काही प्रोग्रॅम अक्ष आपणहून शून्याऐवजी वरूनच सुरू करतात. अक्षाचा किमान आकडा एकदा उघडून बघावा. आणि त्रिमितीतले फुगलेले स्तंभ घेऊ नयेत. त्यांचा माथा नेमका कुठे आहे हे पुढच्या कडेवरून वाचायचं की मागच्या, ते कळत नाही.

चार्ट आला तेव्हा तो तिच्या दुसऱ्या कागदासारखाच होता. तिला थोडं वाईट वाटलं, मला मात्र बरं वाटलं.

तपासणी

आलेख झाला की मी एकच तपासणी करते. सारणी झाकायची आणि ज्याने ती पाहिलेली नाही अशा कुणाला तरी आलेखावरून आकडे वाचायला लावायचे. तिच्या धाकट्या भावाला बोलावलं. त्याने युरेनसच्या माथ्यावर पट्टी आडवी धरली, डावीकडे सरकत गेला आणि म्हणाला, "पन्नासच्या किंचित वर." कशाचे पन्नास? त्याने अक्षाच्या कडेचं वाचलं. "हजार किलोमीटर." शनीला त्याने 'एकशे वीस आणि थोडं' म्हटलं. सारणी उघडली, दोन्ही जुळले. पहिला कागद दाखवून त्याच्याकडून नेपच्यून वाचून घेतला, तेव्हा त्याने पट्टी धरून वीस हजार सांगितलं. भाचीने तो कागद घडी घालून वहीत ठेवला. टाकून दिला नाही, हे मला आवडलं.

जाता जाता भावाने विचारलं, "सूर्य कुठाय यात?"

सूर्याचा व्यास सुमारे १३,९२,००० किमी. याच प्रमाणात १३९ सेमी. दोघांनी मेजरिंग टेप शोधून आणली, आलेख जमिनीला टेकवून भिंतीला चिकटवला आणि सूर्य किती उंच जातो ते बघायला भाऊ टेपचं टोक जमिनीवर दाबून धरू लागला. भाचीने त्याचा हात धरून तीन सेंटीमीटर वर सरकवला.

"जमिनीपासून नाही रे," ती म्हणाली, "शून्यापासून."